बादलीतली पाणबुडी

लकडगंजातल्या शोभेच्या माशांच्या दुकानात मी खाद्य घ्यायला गेलो, तर एक साठीचे गृहस्थ हेल्मेटची काच वर करून हवेचे पंप एकेक चालू करून हवेचा जोर जोखायला गालाशी धरत होते, डोळे मिटून! पिशवीत प्लॅस्टिकच्या पाइपाची, स्वतः बनवलेली पाणबुडी.

"घरी कूलरचा पंप लावला होता," मला म्हणाले. "पाणी आत घेतलं अन् तळालेच बसली! पाणी बाहेर ढकलाले हवा पाहिजे ना!"

अखेर एक पंप गालाला पटला. नळी जोडून पाणबुडी दुकानाच्या बादलीत सोडली. ती झकास बुडाली. मी टाळी वाजवली.

"थांबा ना भाऊ! बुडाले काय लागते? गोटाबी बुडते."

पंप घुरघुरला. मी बादलीवर वाकलो. बुडबुडे उसळले आणि पाणबुडी डुलत वर आली!

तेव्हा कुठे त्यांनी हेल्मेट काढलं.

"हं, आता वाजवा!"