मागचं डावं दार

भिंगकाकांनी एकतीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात एकच काम केलं: दोष शोधायचं. रंगाच्या भट्टीतून बाहेर आलेली गाडी पांढऱ्याफेक दिव्यांखाली उभी राहायची आणि भिंगकाका सुती हातमोजे चढवून तिच्या अंगावरून हात फिरवायचे. कण, ओघळ, खडबड, जे सापडेल त्याभोवती खडूने गोल काढायचे आणि गाडी मागे पाठवायचे. नजर चुकेल, बोट चुकायचं नाही, असं ते म्हणत. भिंग हे नाव तिथेच पडलं. मोठ्या साहेबांच्या मेहुण्याची गाडीसुद्धा त्यांनी दोनदा मागे पाठवली होती आणि त्यापायी बढती हुकली ती कायमची. त्याचं काही वाटलं नाही, असं ते सांगत. ते खोटं होतं.

निवृत्त झाले, बायको गेली आणि ते मुलाकडे राहायला आले. मुलाच्या संसारातही गोल काढण्यासारख्या जागा पुष्कळ होत्या, पण इथे खडू चालत नाही एवढं शहाणपण त्यांना एव्हाना आलं होतं. गप्प जेवायचे, ताट स्वतः उचलायचे, टीव्हीचा आवाज कमी ठेवायचे. जागा अडवणाऱ्या माणसाने असंच राहायचं असतं.

त्यांची थोरली बहीण, अक्का, तिकडे आठ तासांच्या रस्त्यावर राहायची. तिची नजर जात चालली होती. त्या महिन्याच्या सुरुवातीला ती फोनवर म्हणाली, "अजून चेहरा कळतोय रे समोरच्याचा. पुढचं डॉक्टर काही बोलत नाहीत. एकदा येऊन जा." कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून भिंगकाकांना बसच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या. त्यांनी दोन दिवस धीर गोळा केला आणि मुलाला विचारलं.

"जाऊ की, बाबा," मुलगा लगेच म्हणाला. "महिनाअखेरीस जाऊ. तोवर गाडी जरा नीट करून ठेवा. दोन वर्षांत पार रया गेलीय तिची. तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?"

इतक्या वर्षांत मुलाने त्यांच्या हाताचं नाव काढलं ते पहिल्यांदाच. म्हातारा हुरळला.

गाडी गडद तांबडी. पहिल्या रविवारी त्यांनी ती इमारतीच्या सावलीत लावून घेतली. दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची, म्हणजे फडक्याने उचललेली धूळ परत रंगावर जात नाही. खालच्या मजल्यावरचे वकील सकाळचा चहा घेऊन तिथे उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं काय करताय? रबिंग कंपाउंड घ्या आणि जोर लावून घासा. माझ्या जुन्या गाडीला मी तेच करायचो." भिंगकाकांना एवढ्यावरून संताप यायचा. नव्या गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, तो कागदाहून पातळ. एकदा घासून गेला की गेला. वकिलांसारखे लोक गाडीचं कातडं सोलतात आणि वर चमक आली म्हणून खूश होतात. पण ते नुसतं "बघतो" म्हणाले आणि मऊ फडक्याने, अगदी सौम्य पॉलिश घेऊन, वीतभर जागेत गोल गोल हात फिरवत राहिले.

डाव्या बाजूच्या मागच्या दारावर बोट थांबलं. रंग तोच, पण पोत संत्र्याच्या सालीसारखा. हे दार कारखान्यातलं नव्हतं; कुठल्यातरी गॅरेजात पुन्हा रंगवलेलं होतं.

"तुम्ही हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा खांबाला घासली," मुलगा म्हणाला. "म्हटलं, उगाच तुमच्या डोक्याला ताप कशाला? ते दार बाकीच्यासारखं दिसेल असं करता येईल का?"

पुढचा अख्खा रविवार त्या एका दारात गेला. अतिशय बारीक कागद पाण्यात भिजवून त्यांनी ती साल उतरवली, मग पॉलिश, मग मेण. कंबर संध्याकाळी सरळ होईना. सूनबाईने बाम आणून दिला, आणि तो सीटला लागू देऊ नका असंही सांगितलं.

तिसऱ्या रविवारी आतलं काम. सीटच्या शिवणींतला बिस्किटांचा चुरा त्यांनी ब्रशने काढला, एसीच्या जाळ्या बारीक कुंचल्याने साफ केल्या, डॅशबोर्ड उन्हाने तडकू नये म्हणून त्यावर न चमकणारं औषध चोळलं. मग कुणी बघत नाही असं पाहून घरातली उशी आणली, मागच्या सीटवर कंबरेला लावली आणि पाच मिनिटं बसून पाहिलं. आठ तास निभावले असते.

शनिवारी निघायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी ते खाली काचा पुसत होते, तेव्हा एक गृहस्थ गाडीभोवती फेऱ्या मारू लागले. मुलाच्या ऑफिसातले असतील म्हणून भिंगकाकांनी हौसेने बॉनेट दाखवलं, आतल्या सीट दाखवल्या.

"फारच छान ठेवलीय, काका," ते गृहस्थ म्हणाले. "मग विकताय कशाला?"

भिंगकाकांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तेवढ्यात मुलगा जिन्यावरून उतरला, हसत. "मोठी गाडी बुक केलीय, म्हणून. बाकी हिला बोट ठेवायला जागा नाही. कुठे लागलेली नाही, सगळा कंपनीचा रंग."

"मागचं डावं दार सोडून," भिंगकाका म्हणाले.

जित्याची खोड, असं कुणी म्हणेल. ते स्वतःही पुढे तसंच म्हणत. पण खरं सांगायचं तर त्यात निम्मी खोड होती आणि निम्मी अक्का. गाडी राहिली तर शनिवार राहील, एवढाच हिशेब त्या क्षणी त्यांच्या मनात होता. गृहस्थांनी दारावर हात फिरवला, मुलाकडे पाहिलं आणि घरी विचारून कळवतो म्हणून निघून गेले.

मुलगा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "एकतीस वर्षं लोकांच्या गाड्यांत दोष काढलेत. घरच्या गाडीला तरी सोडायचं होतं."

"तू अक्काकडे जायचं म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. नाहीतर तुम्ही एवढं मन लावून केलं असतं का?"

कामापुरता मामा, हे त्यांनी साहेबलोकांच्या बाबतीत हजारदा ऐकलं होतं, म्हटलंही होतं. आपल्याच पोराच्या बाबतीत म्हणायला जीभ उचलेना. आपलेच दात, आपलेच ओठ.

शनिवार आला तसा गेला. रविवारी दुसरं गिऱ्हाईक यायचं होतं. "बाबा, तुम्ही आज वरच थांबा," मुलगा म्हणाला. सूनबाईने बाल्कनीत खुर्ची ठेवली. वरून त्यांना सगळं दिसत होतं. नवराबायको आले, गाडीभोवती फिरले. नवरा त्या दारापाशी वाकला, तिरपा झाला, उन्हात रंग बघत राहिला. भिंगकाका श्वास धरून बसले. त्या माणसाला काही दिसलं नाही. दिसणार कसं, काम त्यांनी स्वतः केलं होतं. "पॉलिश कुठे केलंत?" असं त्याने विचारलेलं वर ऐकू आलं, आणि मुलाचं उत्तरही: "एका मोठ्या सेंटरमध्ये. मशीनवर करतात ते." चार वाजता गाडी फाटकाबाहेर पडली.

"नवी आली की बघू अक्काचं," जेवताना मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगकाकांनी अक्काला फोन लावला. ती आवाजावरून ओळखून म्हणाली, "कधी निघतोस? मी खोली झाडून ठेवलीय."

"गाडी विकली, अक्का."

ती म्हणाली, "असू दे रे. मला तसंही आता चेहरा कळत नाही कुणाचा."

त्यांना बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली की ते खरंच होतं, हे त्यांना कळेना. विचारायचं धाडस झालं नाही.