बुधवारची टोपली

टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात गावच्या कप्तानाचा, म्हणजे सरपंचाचा, माणूस पासांचा गठ्ठा घेऊन आमच्या ओळीत आला, तेव्हा मी फाटकाशी जाळं शिवत बसलो होतो. आमची ओळ म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसलेली अकरा घरं. सकाळी नारळांच्या सावल्या घरांवरून सरकत सरकत पाण्यापर्यंत जातात आणि संध्याकाळी परत येतात. तेवढीच काय ती आमच्याकडची ये-जा. तरुण माणसं कोणी मनिलात, कोणी हाँगकाँगला, कोणी जहाजावर. मागे उरलो ते आम्ही म्हातारे.

त्याने नियम वाचून दाखवले. घराला एकच पास. एकवीसच्या आतलं आणि साठाच्या वरचं कोणी घराबाहेर पडायचं नाही. बाजाराला आमच्या गावाचा वार बुधवार.

मी म्हणालो, "बाबा, या ओळीत साठाच्या आतलं काही असेल तर ते नारळाचं झाड."

"बाजार करून येणार असेल तर त्यालाही पास देतो, तियो आम्बो," तो म्हणाला आणि शेजारच्या फाटकाशी थांबला.

शेजारी मानांग कोन्सिंग राहते; मानांग म्हणजे थोरली बहीण, तियो-तिया म्हणजे काका-मावशी, आमच्याकडे वयाने मोठ्यांना असंच म्हणतात. वय एकाहत्तर. ताडाच्या पानात गुंडाळलेला चिकट भात, ज्याला आम्ही इबोस म्हणतो, तो चाळीस वर्षं तिने डोक्यावरून विकला. दारं उघडायच्या आधी तिची हाक घरात यायची. तिने पासासाठी हात पुढे केला.

"तुम्हाला नाही, मानांग. घरात दुसरं कोण आहे?"

"कोणी नाही."

"कागदावर नाव आहे. अर्सेली. वय बेचाळीस."

मानांगने पुढे केलेला हात मागे घेतला.

अर्सेली तिची एकुलती मुलगी. शहरात एका बेकरीत होती. पहाटेचे पाव तिच्या हातचे. दोन वर्षांपूर्वी ती परत आली ती थेट खोलीत गेली, आणि खोलीतच राहिली. जेवण दाराशी ठेवायचं, अर्धं उचलायचं. आधी आम्ही म्हणालो दमली असेल. मग म्हणालो वडाखालच्या कोणाचा तरी कोप असेल, आणि मानांगने एका म्हाताऱ्याला बोलावून धूप फिरवला. त्या धुपाने फक्त मांजर पळालं. शेवटी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा नैराश्याचा आजार आहे, जसा साखरेचा असतो तसा. रोज एक गोळी घ्यायची आणि मनाने कधीही बंद करायची नाही. ती गोळी आमच्या भागात मिळत नसे. महिन्याला बसचा कंडक्टर पाकीट घेऊन यायचा. गोळ्यांनी ती बरी होत होती, पण ओहोटीचं पाणी जसं मागे जातं तशी, बघत बसलं तर काही हलताना दिसत नाही.

आता बस बंद झाली होती. पाकिटाचं काय, हे ओळीत कोणी विचारलं नाही, कारण गोळ्यांचं कोणाला माहीतच नव्हतं. मानांगने विचारलं तेव्हा अर्सेली आईला म्हणाली, "भरपूर आहेत, नानाय."

सगळ्यांना वाटलं की घरात कोंडून घ्यायचं दुःख त्या घरात मुलीला होईल. झालं उलटंच. चौथ्या दिवशी मानांगने अंगण तीन वेळा झाडलं, कोंबड्यांना एकेक नाव दिलं आणि नंतर त्याच कोंबड्यांशी भांडली. कुंपणापलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"नानाय, जरा बस."

"बसून काय करू?"

"काही नाही. तेच तर करायचं असतं."

"ते तुला जमतं."

"हो, जमतं. दोन वर्षांचा अनुभव आहे. ये, शिकवते."

आणि मग मानांगचं हसणं. त्याच्या मागून दुसरं एक हसू, बारीक, गंजलेल्या बिजागरीसारखं. मी जाळ्याची गाठ चुकलो.

मंगळवारी तांदळाच्या डब्याचा तळ दिसला.

"मी जाते," मानांग म्हणाली. "पोलीस नाक्यावर सांगेन एकोणसाठची आहे."

"तोंडात दात किती आहेत तुझ्या?"

"पोलीस दात मोजतो?"

"मास्क काढायला लावला म्हणजे?"

"मग हसणार नाही."

"तू? न हसता नाका ओलांडणार?"

बुधवारी सकाळी अर्सेली फाटकाबाहेर आली. केस ओले, घट्ट बांधलेले, अंगात जुना निळा सदरा, हातात टोपली. तीन किलोमीटर चालत जायचं होतं. ती फाटकाला धरून इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं आता परत फिरेल. तेवढ्यात पलीकडच्या घरातून तिया पुरिंग ओरडली. तिया पुरिंग चौऱ्याहत्तरची विधवा, पण केस कावळ्यासारखे काळे.

"सेली, जातेच आहेस तर माझी चिठ्ठी ने गं."

मग मीही माझी दिली. मग पुढच्या घराने. सहा चिठ्ठ्या झाल्यावर परत फिरायची सोय राहिली नाही.

दुपारी ती आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. सामान तिने प्रत्येकाच्या फाटकाला अडकवलं, हिशेब पटावा म्हणून ज्याची चिठ्ठी त्याच्या पिशवीत परत घातली, आणि घरात जाऊन दुसऱ्या दिवसापर्यंत झोपली. मी पिशवी उघडली. मीठ होतं, आंबवलेल्या जवळ्याची बरणी होती, आणि माझ्या तंबाखूच्या पानांच्या जागी केसांच्या कलपाची पुडी. पलीकडे तिया पुरिंगला तंबाखू गेला होता.

मी कुंपणापाशी गेलो. "पुरिंग, माझा तंबाखू दे."

"कुठला तंबाखू?" ती म्हणाली. तिच्या खिडकीतून धूर येत होता.

त्यानंतर बुधवार आमचा सण झाला. मंगळवारी संध्याकाळीच फाटकाफाटकावर टोपल्या लागायच्या, आत चिठ्ठी, वर दगड. बाजारात काय झालं ते अर्सेली परत आल्यावर कुंपणाशी उभी राहून दोन-चार वाक्यांत सांगायची, आणि मानांग त्याच दोन वाक्यांची कथा करून आठवडाभर ओळीला पुरवायची.

आमच्याकडे वाट दाखवायला कोणी बोट वापरत नाही. ओठ पुढे काढायचे, की समोरच्याला दिशा कळते. पहिल्या बुधवारी अर्सेलीने मिठाचं दुकान विचारलं तर मासेवाली मानांग नेल्फा नुसती बघत राहिली.

"कुठे आहे?"

"दाखवलं ना आत्ता."

"कधी?"

तेव्हा नेल्फाच्या लक्षात आलं की आपण मास्कच्या आत ओठ काढून बसलोय. तिने आजूबाजूला पाहिलं तर अख्खा बाजार तेच करत होता. लोक एकमेकांना दिशा दाखवत होते आणि कोणीच कुठे पोचत नव्हतं. ती इतकी हसली की तिला मास्क बदलावा लागला. त्या दिवसापासून तिने अर्सेलीला 'सुकी' म्हणायला सुरुवात केली. सुकी म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक, ज्याच्यासाठी चांगला मासा पानाखाली झाकून ठेवायचा.

"मास्कात बरं वाटतं, तियो," अर्सेली मला एकदा म्हणाली. "चेहऱ्याला काही काम नसतं. आधी जो भेटायचा तो म्हणायचा, हस की जरा. आता सगळेच माझ्यासारखे दिसतात."

चौथ्या बुधवारी माझ्या पिशवीत माझ्या चिठ्ठीबरोबर आणखी एक घडीचा कागद आला. अक्षर वाळूवरून खेकडा पळाल्यासारखं. मला वाटलं कोणा दुकानदाराची बिलाची चिठ्ठी असेल. मी ती खिळ्याला टोचून ठेवली आणि विसरलो. ही माझी चूक, आणि ती मी इथे लिहून ठेवतो.

पाचव्या बुधवारी टोपल्या फाटकांवर तशाच राहिल्या. सहा वाजले, सात वाजले. सावल्या पाण्याकडे निघाल्या. कोणी हाक मारली नाही. आठ वाजता मानांग कुंपणाशी आली. आवाज अगदी खाली.

"आम्बो, उठत नाहीये ती. भिंतीकडे तोंड करून पडलीये. घाम, चक्कर. परत तसंच झालंय रे, पहिल्यासारखं."

"गोळ्या घेते ना?" मला तिने आधीच्या आठवड्यात गोळ्यांचं सांगितलं होतं, कोणाला सांगू नकोस म्हणून बजावून.

तिने मूठ उघडली. तळहातावर चार अर्ध्या गोळ्या होत्या, अष्टमीच्या चंद्रासारख्या. "सुरीने कापून पुरवत होती. वर मला म्हणत होती भरपूर आहेत."

मी घरात गेलो आणि खिळ्यावरचा कागद काढून आणला. मानांगला वाचता येत नाही, पण वरची निळी खूण तिने ओळखली. डॉक्टरीणबाईंचाच कागद होता तो. नंतर तिनेच सांगितलं, अर्सेली तो घेऊन बाजारातल्या औषधांच्या दुकानात गेली होती, तिथे नाही म्हटल्यावर परत येताना तो आमच्या चिठ्ठ्यांमध्ये मिसळून गेला. दुसऱ्या कोणाला विचारायची तिला लाज वाटली. अकरा घरांचं मीठमिरची आणणाऱ्या पोरीने आपली एक ओळ कुठल्याच चिठ्ठीवर लिहिली नव्हती.

आता करायचं काय? कागद हातात, औषध नव्वद किलोमीटरवर शहरात. ओळीत बाहेर पडायची परवानगी एकाच माणसाला, आणि ते माणूस अंथरुणातून उठत नव्हतं. मानांगने डोक्याला फडकं बांधलं. "मी निघाले. पकडू देत."

"थांब, मानांग. नाक्यावरूनच परत पाठवतील, आणि अर्धा दिवस जाईल."

आम्ही असे कुंपणाच्या दोन बाजूंना भांडत असतानाच रस्त्यावर भोंगा वाजला. बर्फाच्या खोक्यांनी लादलेली तीनचाकी थांबली, आणि मागून मानांग नेल्फा उतरली. मासेवाल्यांना अन्नधान्याचा वेगळा पास होता. हातात केळीच्या पानात गुंडाळलेले बांगडे.

"माझी सुकी कुठे आहे?" ती म्हणाली. "साडेसातला ती पानाखाली बघते. आज बघितलं नाही. मासा खराब निघाला असता तर शिव्या द्यायला तरी आली असती."

मानांग कोन्सिंग एकदम रडायला लागली. मी कागद पुढे केला. नेल्फाने तो वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. घडी करून पैशांच्या पिशवीत ठेवला.

"दीर रोज मासे घेऊन शहरात जातो. नाक्यांवरचे सगळे त्याला ओळखतात, सगळ्यांच्या घरी त्याचेच बांगडे. उद्या संध्याकाळी गोळ्या येतील."

"कोणाला सांगू नकोस गं," मानांग म्हणाली.

"का? माझ्या दिराला स्वतःला अशाच गोळ्या आहेत. जहाजावरून आल्यापासून. कुठल्या दुकानात जायचं ते त्याला पाठ आहे."

मानांगचं रडणं थांबलं. ती नेल्फाकडे अशी बघत होती, जणू तिच्या डोक्यावरची टोपली कोणी उतरवून घेतली होती.

गुरुवारी संध्याकाळी गोळ्या आल्या, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत, बर्फात घालून. डॉक्टरीणबाईंना मी बांधावर उभं राहून फोन लावला, कारण तिथेच रेंज मिळते. त्या अर्सेलीवर रागावल्या नाहीत. पूर्ण गोळी कशी सुरू करायची ते सांगितलं, दर शुक्रवारी फोन करायला सांगितलं, आणि हेही सांगितलं की बरं वाटायला दिवस लागतील, तोवर घाई करणाऱ्यांना लांब ठेवा. हे मी मानांगला दोनदा ऐकवलं.

"गोळीला बांगड्याचा वास येतो," अर्सेलीचं खोलीतून आलेलं पहिलं वाक्य.

"मग भात आणू का बरोबर?" मानांग म्हणाली.

पुढच्या बुधवारी ती उठली नाही. नेल्फाने जमेल तेवढं पाठवलं, बाकी आम्ही अळू आणि शेवगा खाल्ला. त्याच्या पुढच्या बुधवारी ती ओट्यावर येऊन बसली. तिया पुरिंगने तुरीचे दाणे, फणस आणि डुकराचं मटण घातलेली आमटी कुंपणावरून दिली आणि बोलली काहीच नाही. पुरिंगच्या आयुष्यात हे प्रथमच घडलं असावं. तिसऱ्या बुधवारी सकाळी फाटक वाजलं. निळा सदरा, ओले केस.

"चिठ्ठ्या," अर्सेली म्हणाली.

मी माझी दिली. तिने स्वतःची सगळ्यात वर ठेवली होती, मला दिसावी अशी. एकच ओळ होती: माझ्या गोळ्या, नेल्फाकडे.

जाताना तिने एक गोष्ट सांगितली. "तियो, एखाद्या बुधवारी मी टोपली फाटकावर उलटी टांगेन. त्या दिवशी मला जमणार नाही. कोणी विचारायचं नाही."

"आणि आम्ही खायचं काय?"

"अळू," ती म्हणाली आणि निघाली. मास्कमुळे हसली की नाही ते कळलं नाही. मीही विचारलं नाही.

टाळेबंदी उठून आता बरेच दिवस झाले. म्हाताऱ्यांना रस्ते मोकळे झाले, मानांग पुन्हा इबोस घेऊन दारोदार ओरडते. बाजाराचा बुधवार मात्र अर्सेलीने सोडला नाही. गेल्या वर्षभरात टोपली नऊ वेळा उलटी दिसली. अशा दिवशी कोणीतरी आमटी नेऊन ठेवतं, आणि दुसरं कोणीतरी चिठ्ठ्या उचलतं. परवा एका फाटकावर तिया पुरिंगची टोपली उलटी होती. आम्ही कोणी विचारलं नाही.

आज बुधवार. शेजारची टोपली सरळ आहे. मला चिठ्ठी लिहायची आहे: मीठ, तंबाखू. आणि खरं सांगायचं तर कलपाची एक पुडी. पहिली वाया जाऊ नये म्हणून लावली होती, मग सवय लागली.