हिरवं दिसलं पाहिजे, मेधाबेन!

आमच्या सुभानपुऱ्यातल्या ऑफिसात दुरुस्त झालेला बग लोक दुसऱ्या दिवशी विसरतात. दुरुस्त न झालेल्याचा किस्सा होतो. त्यामुळे माझ्याकडे किस्से भरपूर!

आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कामगाराने यंत्र तपासलं की त्यात नोंद करायची, त्यावरूनच त्याची हजेरी लागते, एवढंच. ते विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं, असं आमचे मालक केतनभाई सांगतात. ते खरंच चालतं का, हे रोज आपोआप तपासणाऱ्या टेस्ट लावायचं काम माझं. पास झाली की स्क्रीनवर हिरवं, फेल झाली की लाल.

*

मी यायच्या आधी टेस्टिंग कसं व्हायचं? वाघोडियाच्या एका कारखान्याचे मॅनेजर डेमोला आले होते. त्यांनी विचारलं, "सगळीकडे टेस्ट केलंय ना?"

केतनभाई छातीठोकपणे म्हणाले, "सगळीकडे! घरे पण, ऑफिसमां पण!"

घरी आणि ऑफिसात नेलेला लॅपटॉप एकच होता. ऑर्डर मिळाली!

*

आमचा मुख्य प्रोग्रामर शिर्के. त्याचे पणजोबा संस्थानच्या दरबारात कारकून होते, पण चूक कबूल करायची वेळ आली की हा सरदार होतो. माझ्या पहिल्याच टेस्टमध्ये लिनक्सवर फाईल उघडेना. याने नावात एकदा मोठा आर लिहिलेला, एकदा छोटा. विंडोज सोडून देतं, लिनक्स नाही सोडत.

"माझ्या मशीनवर चालतंय," शिर्के म्हणाला.

"अरे, पण गिऱ्हाईकाकडे तुझं मशीन नाहीये!"

केतनभाईंनी भांडण मिटवलं. "एना मशीनवर चालतंय ने? तो पछी, मग त्यालाच मशीनसकट पाठवा!"

आठ दिवस शिर्के सरदार वाघोडियाला मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. कामगार रांगेत येऊन नोंदी सांगायचे, हे टाइप करायचे. नवव्या दिवशी मोठा आर छोटा झाला!

*

मी टेस्ट वाढवत दोनशेवर नेल्या. रोज तीस-चाळीस लाल. केतनभाई अस्वस्थ. "मेधाबेन, क्लायंटला स्क्रीन दाखवायची आहे. हिरवं दिसलं पाहिजे!"

दोन दिवस रजा घेऊन परत आले, तर ऑफिसभर शेवउसळीचा वास.

"या, या! शंभर टक्के पास!" केतनभाईंनी स्वागत केलं.

फेल होणाऱ्या सगळ्या टेस्ट शिर्केने डिलीट केल्या होत्या. उसळ मीही खाल्ली, खोटं कशाला बोलू. डोळ्यांत पाणी आलं, ते सगळ्यांनी तिखटाच्या खात्यावर टाकलं.

*

टेस्ट मी परत घातल्या. त्यातली एक भलती हट्टी. पहाटे पाचला आपोआप चालायची आणि लिनक्सवर रोज फेल. आजची नोंद कालच्या तारखेला पडायची. लिनक्सच्या मशीनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत तिथे कालचाच दिवस!

शिर्केला मी कागदावर आकृती काढून समजावलं. तासाभरात तो म्हणाला, "झालं, फिक्स!"

खरंच हिरवं. त्याने टेस्टची वेळ पाचवरून दहा केली होती.

मी भांडायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. गप्प बसले.

*

दोन महिन्यांनी वाघोडियाहून फोन आला. तिथे बॉयलर सांभाळणारे परमारकाका, रिटायर व्हायला आलेले. पहाटे पाचच्या पाळीला आल्या आल्या बॉयलर तपासून नोंद करायचे, आणि तिथल्या लिनक्स मशीनवर नोंद पडायची आदल्या दिवशी. शनिवारची नोंद शुक्रवारी, सोमवारची रविवारी; म्हणजे सॉफ्टवेअरनुसार काका दर शनिवारी गैरहजर, आणि कारखाना बंद असतो त्या रविवारी हजर! त्यांना दोन मेमो मिळाले होते. एक, शनिवारी का येत नाही? दुसरा, रविवारी कुलूपबंद कारखान्यात कसे शिरता?

केतनभाई आणि मी धावलो. मॅनेजरच्या केबिनमध्ये मी सांगून टाकलं, "चूक आमची आहे. आणि मला माहीत होती." केतनभाईंनी माझा पाय दाबला, पण तोवर बोलून झालं होतं. मॅनेजरनी दोन्ही मेमो फाडले.

काकांनाही केबिनमध्ये बोलावलं होतं. पिशवीतून एक वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. दोन महिन्यांचा प्रत्येक दिवस. कधी आलो, काय तपासलं, स्क्रीनवर काय दिसलं, आणि शेजारी लाल पेन्सिलीने फुली.

केतनभाई पानं उलटतच राहिले. इतकं चोख टेस्टिंग त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटी हात जोडून म्हणाले, "काका, रिटायर झालात की आमच्याकडे या. नोकरी पक्की!"

काकांनी वही पिशवीत घातली, पिशवीचे बंद बांधले.

"येईन की, साहेब. पण आधी एक सांगा, तुमच्याकडे हजेरी ह्याच सॉफ्टवेअरमध्ये लागते का?"