कमी पिळाचा पंखा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील समस्त जनतेस कळवण्यात येते की, आज एक अत्यंत गंभीर बाब उघड होत आहे. तरी सर्वांनी उभे राहून ऐकावे. — बसा, बसा. सवय आहे मला अशी दवंडी पिटायची. मी मांजराचा वाघ करून सांगतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही गोष्ट आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

महाडला सावित्रीच्या काठी माझं दुकान — होडीच्या मागे लावतात ती इंजिनं मी विकतो, दुरुस्त करतो. आंबेनळी घाटाच्या वर एका वाडीतल्या मुंबईकर मंडळींनी तिथल्या तलावावर बोटिंग काढायचं ठरवलं आणि इंजिन माझ्याकडून नेलं. चालवणार पांडूदादा. त्याच वाडीचा, पण तीस वर्षं सावित्रीत होडी हाकलेला, पुरातून माणसं काढलेला. वाडीत भाताच्या पेरणीची पहिली मूठ त्याचीच — हाताला गुण आहे म्हणून. तेव्हा इंजिनाची पहिली दोरीही त्यानंच ओढायची, असं ठरलं.

आता — कसं सांगू? इंजिनाबरोबर एक पुस्तिका येते. तिच्यात लिहिलं होतं, उंचावर हवा विरळ असते, इंजिनाचा जोर कमी पडतो, तिथे पाण्यात फिरणारा पंखा कमी पिळाचा, म्हणजे कमी वळलेल्या पात्यांचा लावा. मी वाचलं होतं का? वाचलं होतं. तो पंखा माझ्या फळीवर होता का? होता. मग? मग काय — मी बाजारभर सांगून बसलो होतो, माझं इंजिन ढगातसुद्धा पळेल. आता पुस्तिकेपुढे मान तुकवायची?

नारळ फुटला, देवाला गाऱ्हाणं घालून झालं. दादानं दोरी ओढली, चौघं बसली — आणि होडी नाक वर करून, काळा धूर सोडत, गाभण म्हशीसारखी सरकायला लागली. महाडला चाचणी घेतली तेव्हा याच इंजिनावर, तेवढीच माणसं घेऊन होडी पाण्यावरून उडाली होती. काठावर सगळी वाडी. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग एकेक जण वळून बघायला लागला — माझ्याकडे.

मला कळलं होतं. धूर बघताच कळलं होतं. 'पंखा चुकला, माझी चूक' — चार शब्द. मी काय म्हणालो? हात नाचवत, चांगला खडा आवाज लावून म्हणालो, "इंजिन नवरीसारखं सजवून दिलंय. पांडूदादाच्या हाताचा गुणच गेला, त्याला मी काय करू?"

लोक हसले. लोकांना हसवणं मला जमतंच. दादा हसला नाही. त्यानं तळहात उलटा करून पाहिला, जणू तिथे काही लागलं असावं.

एवढ्यावर थांबलो असतो तर — पण नाही थांबलो. आठ दिवसांनी सर्व्हिसिंगच्या नावाखाली वर गेलो आणि गुपचूप पंखा बदलला. तोवर होडीवर दुसरा माणूस आला होता. होडी पळाली. वाडी म्हणाली, बघा, हात बदलला आणि इंजिन सुटलं. मी मान डोलावली. हो, डोलावली. त्या पावसाळ्यात पेरणीची पहिली मूठ दादाला कुणी टाकू दिली नाही. त्यानंतरही कधी नाही.

गेल्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन त्या तलावावर गेलो. दादा आता काठावर लाइफ जॅकेटं बांधून देतो. मी बांध चढून धापा टाकत त्याच्यापुढे उभा राहिलो. तो मान खाली घालून माझे पट्टे आवळत होता. सांगावं? आत्ता सांगावं? पाहुणे शेजारीच होते. मी धाप जरा जास्तच लांबवली. आणि तो, पट्टा ओढता ओढता, एकदम बोलून गेला —

"वरच्या हवेत तुला धाप लागली, सुऱ्या. त्या दिशी इंजिनाला पन लागली असंल, नाय रे?"