चिमाजींचा दहावा

नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला आमच्या भागात दुसरी नोकरी आपोआप लागते, दहाव्याला जायची. तिला अर्ज लागत नाही, मुलाखत लागत नाही. पांढरी टोपी आणि सकाळी सातला नदीकाठी हजर राहायची तयारी असली की झालं.

पारगावचे दादाभाऊ कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं होते. ऊस घेऊन येणारा एकेक ट्रॅक्टरवाला त्यांच्या ओळखीचा, त्यामुळे जुन्नर-आंबेगावात कुठंही कुणी गेलं की दादाभाऊंना निरोप यायचाच. पिंडाला कावळा शिवायची वाट बघायची, मग महाराजांचं प्रवचन ऐकायचं, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं सोसायची आणि घरी यायचं. घरी झुंबरबाईंचा नियम होता. दहाव्याहून आलेल्या माणसानं अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. नियम सासूबाईंनी घालून दिलेला, आणि सासूबाईंच्या स्वतःच्या दहाव्यालाही तो पाळला गेला होता. मुलानं न्हाणीघरात गिझर बसवून दिला, पण न्हाणीघर पडलं उंबऱ्याच्या आत. म्हणून अंगणातल्या चुलीवर हंडा चढायचा आणि झुंबरबाई कडत पाण्याची बादली ओढत बाहेरच्या धोंड्यापाशी आणून ठेवायच्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. चुलीपुढे बसताना त्या भिंत धरायच्या आणि उठताना पांडुरंगाला हाक मारायच्या.

मागच्या दिवाळीनंतर दादाभाऊ घोडेगावच्या पलीकडे एका दहाव्याला गेले होते. हा दहावा खरा होता, हे आधीच सांगून ठेवतो. सहावा पुढारी बोलायला उभा राहिला तसे दादाभाऊ लघवीचं निमित्त करून उठले. देवळाच्या मागून एक पायवाट डोंगरावर जात होती. भाषण संपेस्तोवर चार पावलं टाकावीत म्हणून निघाले आणि चढतच राहिले. तीनदा दम लागला, एकदा टोपी उडाली. वर पोचले तेव्हा खाली डिंभ्याच्या धरणाचं पाणी पसरलं होतं आणि वारा अंगातून आरपार जात होता. साठ वर्षांचा माणूस, आसपास कुणी नाही हे बघून मोठ्यानं हसला. जन्मभर हे डोंगर त्यांनी खालूनच बघितले होते. बैलाच्या पाठीवर वशिंड असतं तसे ते असायचेच, त्यांच्यावर चढायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

पण त्याच वाऱ्यात त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, गावातल्या बाया टेम्पो करून भीमाशंकरला निघाल्या होत्या. झुंबरबाईंनीही जाऊ का म्हणून विचारलं. त्या जुन्नरच्या बाजूच्या, लहानपणी शेरडांमागं डोंगर तुडवलेल्या. दादाभाऊ तेव्हा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता त्यांनी सांगितलं होतं, डोंगर काय पळून जातो का, जाऊ की कधी तरी. ते कधी तरी काही आलं नाही.

आता सरळ माणसानं घरी येऊन सांगितलं असतं की आज डोंगर चढलो. दादाभाऊंना तेच जमलं नाही. जी बायको भिंत धरून चुलीपुढे बसते, तिला आपण हौसेनं डोंगर चढून आलो हे कोणत्या तोंडानं सांगायचं? पुढच्या गुरुवारी त्यांनी मोटारसायकल काढली आणि कुणाचा तरी दहावा आहे म्हणाले. त्या आठवड्यात कुणी मेलं नव्हतं.

मग चटकच लागली. न थांबता चढायचं असं ठरवून एक टेकडी त्यांनी तीन गुरुवारांत जिंकली. कॅनव्हासचे बूट घेतले आणि कांदे साठवायच्या बराखीत लपवले. एकदा आहुप्याला गेले, तिथली देवराई बघितली, कड्यावर बसून खालचं कोकण बघितलं, आणि मग आणखी दोनदा गेले. पोट आत गेलं, झोप चांगली लागायला लागली. हा सगळा आनंद घराच्या अंगणापर्यंत टिकायचा. अंगणात बादली वाफाळत असायची.

"आज कोण व्हतं?" झुंबरबाई विचारायच्या.

मग दादाभाऊंना माणूस पैदा करावा लागायचा आणि मारावाही लागायचा. काट्यावरचा हमाल, बैलगाडीवाला, कुणाचा चुलता. मागं कोण कोण आहे हेही त्या विचारायच्या, म्हणून विधवा आणि पोरंही पैदा करावी लागायची. झुंबरबाई त्या नसलेल्या बाईसाठी हळहळायच्या, लेकरांचं कसं व्हायचं म्हणायच्या, आणि दादाभाऊ धोंड्यावर उकिडवे बसून अंगावर पाणी ओतून घ्यायचे. गरम पाण्याचा तांब्या डोक्यावर पडला की त्यांना आपण चोर आहोत असं वाटायचं. पुढच्या गुरुवारी पुन्हा मोटारसायकल निघायची. माणसाची लाज मोठी असते, पण हौस तिच्याहून चार अंगुळं मोठी निघते.

माघात एका गुरुवारी झुंबरबाईंनी नाव विचारलं आणि दादाभाऊंना काही सुचेना. घाईघाईत ते म्हणाले, आपला चिमाजी गेला. चिमाजी त्यांच्यासोबत काट्यावर होता, निवृत्तीनंतर आपल्या गावी, पार पूर्वेला आण्याच्या पठारावर जाऊन राहिलेला. आठ वर्षांत भेट नाही. इतक्या लांबचा माणूस मेला काय आणि जगला काय, इथं कोण बघायला जातंय, असा त्यांचा हिशेब.

झुंबरबाई मात्र खाली बसल्या, भिंत न धरता. चिमाजीची बायको भागू कारखान्याच्या चाळीत त्यांची शेजारीण होती. थोरल्याच्या बाळंतपणात तिनं महिनाभर यांच्या अंगाला तेल लावलं होतं. त्या दिवशी झुंबरबाई जेवल्या नाहीत. दादाभाऊ एकटेच जेवले. खरं सांगून टाकावं असं संध्याकाळपर्यंत चारदा त्यांच्या ओठावर आलं आणि चारदा त्यांनी ते गिळलं.

पुढच्या गुरुवारी डोंगरावरून दोन वाजता ते घरी आले तर अंगणात चूल थंड होती आणि दाराला कुलूप. शेजारची सून आरती किल्ली घेऊन आली.

"काकू सकाळीच आण्याला गेल्या," ती म्हणाली. "तुमचे चिमाजी वारले ना, त्यांच्या घरी भेटायला. साडी घेऊन गेल्यात."

जी बाई गुडघ्यांमुळं मंचरच्या बाजारालाही जात नव्हती, ती तीन गाड्या बदलून आण्याचा घाट चढून गेली होती. किल्ली हातात होती, पण आरती ओट्यावर उभी, आणि दहाव्याहून आलेला माणूस आंघोळीशिवाय घरात कसा शिरेल? ते धोंड्यावर बसून राहिले. फोन लावला तो घरातच वाजला. तीन तास त्यांनी बसून काढले. वाटेत कुठं पडली-झडली तर, या विचारानं ते गारठले आणि तिथं पोचली असेल तर, या विचारानं त्याहून जास्त.

पाचला झुंबरबाई आल्या. पिशवी ठेवली, भिंत धरून चुलीपुढे बसल्या आणि जाळ घातला. दादाभाऊ म्हणाले, राहू दे, पाणी नको.

"का? आज कुणी मेलं न्हाई का?"

पाणी तापेपर्यंत त्यांनी चुलीकडे बघतच सगळं सांगितलं. आण्यात पत्ता विचारत घरापाशी पोचल्या, रडायचं तोंड करून पदर डोळ्याला लावला, तर चिमाजी ओट्यावर आरसा घेऊन दाढी करत बसलेला. निम्म्या तोंडाला फेस. या या वहिनी, म्हणाला. भागू सुपात हुलगे पाखडत होती, ती धावत आली आणि गळ्यात पडली. झुंबरबाईंच्या पिशवीत विधवेला द्यायची साडी होती. जित्या नवऱ्याच्या बायकोला ती कशी द्यायची? म्हणून पाणी पिऊन देवळात जाऊन येते म्हणाल्या, दुकानातून नारळ घेतला, आणि परत येऊन त्याच साडीनं भागूची ओटी भरली. लई दिवसांची इच्छा व्हती, असं सांगितलं.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "ती बाई माझ्या पाया पडली आन् मी तिच्या कुंकवाकडं बघायला घाबरत व्हते. आजवर किती मारली अशी माणसं?"

दादाभाऊंनी खाली मान घालून आकडा सांगितला. चिमाजी धरून अकरा.

"अकरा हंडे," एवढंच त्या म्हणाल्या.

मग दादाभाऊंनी डोंगराचं सांगितलं. बराखीतून बूट आणून पुढ्यात ठेवले. रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर त्यांना बरं वाटलं असतं. झुंबरबाईंनी एक बूट उचलून तळ बघितला. तळ झिजला होता.

"दुसरी बाई न्हाई निघाली हे बरं झालं," त्या म्हणाल्या. मग बूट खाली ठेवत म्हणाल्या, "एक सांगू का? एसटीत मला खिडकी मिळाली. घाट चढताना खाली सगळं शिवार दिसायला लागलं. चिमाजी भावजी गेले म्हणून चालले व्हते मी, आन् मला आनंद व्हत व्हता. मला माझीच लाज वाटली."

त्या दिवशी दादाभाऊंनी ते पाणी अंगावर घेतलं, कारण तापवलेलं पाणी ओतून देण्याचीही त्यांना छाती नव्हती.

दोन गुरुवार ते घरातच बसले. तिसऱ्या गुरुवारी पहाटे झुंबरबाईंनी विचारलं, "आज कुणाचा दहावा?" कुणाचा नाही म्हटल्यावर त्यांनी भाकरी बांधायला घेतल्या, आणि त्या दोघांना पुरतील एवढ्या होत्या.

आहुप्यात एसटी थेट जाते. देवराईत वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही, हे सांगितल्यावर झुंबरबाईंनी एका थोरल्या झाडाला हात जोडले. तिथून कड्यापर्यंतची सपाट वाट दादाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून त्या चालल्या. दादाभाऊंना दहा मिनिटं लागायची, आज तास लागला. वाटेत पाच जागी बसावं लागलं. दर वेळी त्या उठताना पांडुरंगाला हाक मारत आणि दादाभाऊ दुसरीकडे बघत.

कड्याच्या अलीकडे एका खडकावर त्या टेकल्या. खाली कोकण पसरलं होतं, गावं हिरव्यातल्या ठिपक्यांएवढी. वाऱ्यानं डोक्यावरचा पदर उडाला, तो त्यांनी पुन्हा घेतला नाही. लहानपणी शेरडांमागं गेल्यावर असाच वारा लागायचा, म्हणाल्या. कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या आणि दादाभाऊ त्यांच्याकडे बघत बसले. तोंडावर असला आनंद त्यांनी चाळीस वर्षांत बघितला नव्हता. हा आनंद कुठं मिळतो ते दिवाळीपासून आपल्याला ठाऊक होतं, या विचारानं त्यांना बसवेना.

"तुमी म्हणला व्हता," झुंबरबाई खाली बघतच बोलल्या, "डोंगर काय पळून जातो का."

दादाभाऊंनी वाऱ्यानं हलणारी टोपी हातानं दाबून धरली.

"न्हाई गेला. हाय तिथंच हाय. माझे गुडघे तेवढे गेले."

बोलण्यात राग नव्हता. काट्यावरचा आकडा वाचून दाखवावा तसं त्या बोलल्या, आणि एकदा आलेला आकडा कुणाच्या सांगण्यानं बदलत नसतो, हे बत्तीस वर्षं दादाभाऊंनीच लोकांना सांगितलं होतं. परतीची एसटी तीनला होती. दोन वाजत आले, पाच जागी बसत परत जायला तास तरी लागणार होता. झुंबरबाई उठायचं नाव घेईनात, आणि चल म्हणायचं धाडस दादाभाऊंना झालं नाही.