खिशात माझाही चक्कू होता

राईस मिलमधून तांदूळ ट्रकात बसून निघून जाते अन् मागं भुसा राहते. आमच्या किश्श्यांचं तसंच आहे. नोकरी गेली, कमरेतलं बळ गेलं, पण किस्से तिथंच मिलच्या गेटजवळ पडून आहेत, अन् रोज त्याच्यावर नवीन टोपलं पडते. कोणी उचलून नेत नाही, म्हणून मीच लिहून राह्यलो.

आम्ही म्हणजे तिघं. मी बाबूराव, सुखराम अन् दुलीचंद. तिघंही बालाघाटच्या एका राईस मिलमध्ये बारदान्यावर होतो. पोत्याची सुतळी कापायची, धान ओतायचं, तांदूळ भरला की पोतं शिवायचं. आता ते काम मशीन करते, अन् आम्ही गेटसमोरच्या लच्छूच्या टपरीवर चाय पीत बसतो. पण बारदान्यावरच्या माणसाच्या खिशात घडीचा चक्कू असतेच. विडी नसली चालते, चक्कू पायजे. तिघांच्याही खिशात आजही आहे; सुखरामचा गंजून उघडत नाही, पण खिशात आहे.

तरी टपरीवर काहीही कापायचं निघालं, पपई असो, पार्सलची दोरी असो, नाही तं लच्छूची दुधाची थैली असो, सगळे एकच ओरडतात, "दुलीचंद, चक्कू दे!"

मले कोणी मागत नाही. माझा चक्कू काय खिशात अंडे घालून राह्यला? एकदा, फक्त एकदा, चारचौघांत कोणीतरी म्हणावं, "बाबूराव, तुहा काढ." एवढंच! लोकं देवाले काय काय मागतात, मी हे मागतो.

* * *

चक्कू मी अन् दुलीचंदनं संगंच घेतले होते, वारासिवनीच्या बाजारात. दुकानदारानं ताडपत्रीवर मांडले होते. मी एक नजर टाकली अन् उचलला. पितळेची मूठ, मुठीवर वाघ कोरलेला, बटन दाबलं की खट्कन पातं बाहेर! संगं बाटली खोलायचा आकडा, अन् बारीकसा काटाही. अजून काय पायजे?

दुलीचंद मात्र उकिडवा बसला. एक चक्कू खोलला, बंद केला, कानाजवळ नेऊन पुन्हा खोलला. दुसऱ्याचं पातं डोळ्यासमोर धरून बंदुकीवानी नेम धरला. तिसऱ्याची मूठ आवळून डोळेच मिटले!

मी म्हणलं, "अबे, चक्कू घेऊन राह्यला का पोरगी पाहून राह्यला?"

"पोरगी तं बापानं पाहिली होती," तो म्हणे. "हे तरी मले पाहू दे."

शेवटी उचलला काय? साध्या लाकडी मुठीचा, काळपट पात्याचा, कोपऱ्यात पडलेला एक. मले हसू आलं. पण दुकानदार त्याच्याकडे पाहतच राह्यला. म्हणे, "चाचा, आप पहचानते हो. ये तो मैंने अपने लिए रखा था."

मंग माझा चक्कू कागदात गुंडाळून देता देता मले म्हणते, "आपका भी अच्छा है काका. बच्चे खुश हो जाएँगे!"

* * *

दुलीचंदची धार लावायची रीत पाहिली तं माझं डोकं फिरते. चाय झाली की तो कप पालथा घालते. चिनी मातीच्या कपाच्या बुडाले जी खरबरीत कडा असते ना, तिच्यावर दोन थेंब पाणी टाकून पातं हळूहळू ओढते. जसं झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवून राह्यला. मंग चामड्याच्या पट्ट्यावर पुसते. मंग डाव्या हातावरचे केस उडवून दाखवते. त्या हातावर आता केसच उरले नाहीत! टपरीवर आलेले ट्रकवाले तोंड उघडं टाकून पाहतात. कपानं धार लावण्यात काय पाहायचं असते, मले समजलं नाही.

मी म्हणलं, कपानं एवढं होते तं मशीननं किती होईन! पायडल मारून चाक फिरवणारा एक धारवाला बाजारात येते. त्याले सांगितलं, "जोरात लाव. कंजुसी नको करू."

त्यानं लावली! ठिणग्या अशा उडाल्या की दिवाळीच. येणारे-जाणारे उभे राहून पाहू लागले. माझी छाती फुगली. पातं निळं-जांभळं चमकून राह्यलं होतं. मले वाटलं, वा, रंगही चढला!

टपरीवर आणून सगळ्यांसमोर दाखवलं. दुलीचंदनं उलटंपालटं केलं, नखावर टेकवून पाहिलं, अन् बाकड्यावर ठेवून दिलं.

"बाबूराव, याचं पाणी उतरलं. तापवून पोलाद मऊ करून आणलं तू."

"मंग आता?"

"आता लोणी कापजो. पण थंडीतलं नको. उन्हाळ्यातलं!"

* * *

पेन्शनच्या कामासाठी आम्ही एका ऑफिसात गेलतो. दोघंच, मी अन् दुलीचंद. गेटवर चौकीदार खिसे तपासून राह्यला होता.

माझा चक्कू निघाला. त्यानं बटन दाबलं, खट्! तो दोन पावलं मागं सरकला.

"काका, ये क्या है? ये तो हथियार है!"

"अरे बाप्पा, पोत्याची सुतळी कापतो."

"इससे? सुतली?" त्यानं वाघाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अन् चक्कू टेबलाच्या खणात टाकला. "जाते समय ले जाना. और आगे से मत लाना."

मंग दुलीचंदचा नंबर. मी मनातल्या मनात हसून राह्यलो होतो. आता याचाही जाते खणात! चौकीदारानं लाकडी मूठ हातात घेतली, पातं खोललं, अंगठा फिरवला. अन् एकदम आवाजच बदलला त्याचा.

"चाचा, धार तो कमाल की है! जरा ये बंडल खोल दो ना, सुबह से पड़ा है."

मी आत जाऊन लाईनीत उभा राह्यलो. गुडघे दुखून राह्यले होते. घंटाभरानं मान वळवून पाहिलं, तं दुलीचंद चौकीदाराच्या खुर्चीवर बसला होता, अन् चौकीदार त्याच्यासाठी चाय सांगून राह्यला होता!

* * *

आमच्याकडे चक्कू हातातून हातात देत नाहीत. भांडण लागते. द्यायचा असला तं खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. दुलीचंद बरोबर बाकड्यावर ठेवते, मूठ समोरच्याकडे करून. त्यातही मोठा साहेब!

एक दिवस तो टपरीवर नव्हता. लग्नाले गेलता कुठं. सुखराम काकडी घेऊन आला, इकडं-तिकडं पाहिलं. मी वाटच पाहून राह्यलो होतो! त्यानं मागायच्या आधीच मी चक्कू काढला अन् घाईघाईत त्याच्या हातातच दिला. सुखरामनंही घेतला. काकडी कापली, मीठ लावून खाल्ली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सुखराम आला तं तोंड सुजलेलं.

"बाबूराव, काल तू चक्कू हातात काहून दिला? घरी गेलो अन् सुनेशी भांडण झालं!"

"अबे, तुह्या घरी तं रोजच होते."

"हौ. पण काल ती जिंकली!"

आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. गावभर सांगत फिरला की बाबूरावच्या चक्कूत दोष आहे. अन् दुलीचंद परत आला तेव्हा हेच सुखराम महाराज दोन काकड्या घेऊन त्याच्यासमोर बसले. "तू नव्हता तं काकडीले चव नव्हती."

काकडीले! चव! चक्कूनं!

* * *

बाहेरचे तं बाहेरचे, घरचं सांगतो, बायकोचं. दिवाळीच्या आगंमागं इकडं तळ्यातले सिंगाडे येतात. आमच्या बुढीनं टोपलंभर घेतले. साल जाड, वर शिंगं. मी म्हणलं, आण, मी सोलतो. ओट्यावर बसलो, वाघाचा चक्कू काढला. सालीत पातं शिरेना. जोर लावला तं सिंगाडा टुण्णकन उडून शेजारणीच्या आंगणात. दुसरा सोलला तं सिंगाड्यापेक्षा माझा अंगठाच जास्त सोलला.

बुढी दारात उभी राहून पाहून राह्यली होती. पदर सावरला अन् बाहेर गेली. मले वाटलं, हळद आणाले गेली असंन.

आली तं मागं दुलीचंद!

"अजी, सरका तिकडं," मले म्हणते. "भाऊजींले बसू द्या."

माझ्या ओट्यावर, मी अंथरलेल्या पोत्यावर बसून त्यानं टोपलं संपवलं. सिंगाडा हातात फिरे अन् साल अशी सुटे की जसं त्याले स्वतःलेच कपडे काढायचे होते. बुढी समोर बसून पाहून राह्यली होती. लग्न झाल्यापासून माझ्याकडे तिनं तसं कधी पाहिलं नाही.

जाताना त्याले वाटीभर सिंगाडे बांधून दिले. मी अंगठा धरून बसलो होतो. म्हणलं, "मले?"

"तुम्ही हळद लावा," ती म्हणे. "अन् ते खेळणं आत ठेवा."

* * *

आता हा एक सांगतो अन् थांबतो.

गेल्या हिवाळ्यात दुलीचंदले लामत्याले जायचं होतं, भाचीच्या घरी. लच्छू म्हणे, "चल दादा, मोटरसायकलवर स्टेशनाले सोडून देतो." दुलीचंद मागं बसला. गळ्यात नवा कोरा गमछा, लांबलचक, वेढे घातलेला, टोकं मागं सोडलेले. गाडी दहा हात गेली नाही तं एक टोक चेनमध्ये घुसलं.

लच्छूनं तिथंच गाडी बंद केली. पण तोपर्यंत गमछ्यानं दुलीचंदची मान खाली चाकाजवळ ओढली होती. अर्धा सीटवर, अर्धा लोंबकळलेला. डोळे बाहेर आलेले, तोंड वांग्यावानी जांभळं. डावा हात गमछ्यात घालून गळा सोडवून राह्यला होता. उजवा हात मोकळा, नुसता हवेत.

आम्ही धावलो. लच्छूनं चाक उलटं फिरवून पाहिलं तं फास अजून आवळला. सुखराम बोंबलला, "चक्कू! चक्कू पायजे!" अन् सवयच ना ती, त्यानं त्याच लटकलेल्या माणसाकडे पाहून हात पुढं केला.

"दुलीचंद, चक्कू दे!"

मी बाजूलेच उभा होतो. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. माणूस जाऊन राह्यला, तरी मले कोणी मागत नाही!

तेवढ्यात दुलीचंदच्या गळ्यातून आवाज निघाला. बारीक, फाटका.

"बाबूराव... तुहा काढ."

मी बटन दाबलं. खट्! गमछा पकडला अन् घातला चक्कू. पातं घसरे, कापड नुसतं ताणल्या जाये. करवतीवानी पुढं-मागं, पुढं-मागं केलं. थंडीत घाम फुटला. लच्छू "जल्दी काका, जल्दी!" करून राह्यला होता. धागा धागा तुटत तुटत शेवटी टर्र करून गमछा सुटला, अन् दुलीचंद धपकन जमिनीवर बसला.

त्याले पाणी पाजलं. तो खोकला, थुंकला, मान चोळली. जिवंत होता.

मंग काय! सुखराम माझ्या पाठीवर थापा मारून राह्यला होता. "वा रे बाबूराव! तुह्या चक्कूनं माणूस वाचवला!" लच्छूनं न मागता मलाईवाली चाय दिली. रस्त्यावरचे लोकं थांबून विचारत, "कोणी कापला?" सुखराम माझ्याकडे बोट दाखवे, "यानं!" एक ट्रकवाला तं खाली उतरून म्हणे, "काका, दिखाओ तो, कौन सा चाकू है?" मी चक्कू बंदच केला नाही. उघडाच धरून बसलो. पाहा म्हणलं, वाघ पाहा, पितळ पाहा.

दुलीचंदनं गळ्यातल्या गमछ्याचं तुटकं टोक मांडीवर घेतलं. चिंध्याच चिंध्या, लोंबणारे धागे. मंग तोच उजवा हात खिशात घातला, आपला लाकडी मुठीचा चक्कू काढला, खोलला, अन् एका ओढीत ते सगळं टोक साफ, सरळ कापून टाकलं.

चक्कूची घडी करून खिशात ठेवली अन् उभा राह्यला.

"चल लच्छू," म्हणे. "गाडी सुटन."