फॉल्ट लाइनीत नाय

आमच्या पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमधले लाइनमन काका आधी तक्रार करणाऱ्याला तपासायचे, मग तारेला हात लावायचे. पळस्प्याच्या एका हॉटेलवाल्याने फोन बंद पडला म्हणून ऑफिस डोक्यावर घेतलं होतं. काकांनी जाऊन त्याचा कलता पडलेला रिसीव्हर नीट ठेवला, चहा प्याले आणि परत आले. "फॉल्ट गावला," एवढंच म्हणाले.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी ट्रंक बोर्डावर बाहेरगावचे कॉल जोडणारी ऑपरेटर होते. एके सकाळी हेडफोनमध्ये बारीक शिट्टी वाजू लागली. मी रजिस्टरात तक्रार लिहिली, काकांनी कॉर्ड बदलली. दुसऱ्या दिवशी हेडफोन बदलला. तिसऱ्या दिवशी मी भडकलेच, "काका, तुम्ही करता तरी काय?" त्यांनी माझा हेडफोन काढून हातात घेतला.

"आता वाजतंय?"

वाजत होतं!

"मग बाय, फॉल्ट लाइनीत नाय."

कान गेला तर ऑपरेटर कसली? घरी आई आणि मी, दोघींचं माझ्या नोकरीवर चाललेलं. "साहेबांना सांगू नका हो," मी गयावया केली. काका खुशाल हसले. "माझे कानात पंधरा वर्सं रातकिडं हायेत. खांबावर चढतोय ना मी?"

कानाच्या डॉक्टरांकडे तेच घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, ऐकू चोख येतंय, पण ही शिट्टी जाईलच असं नाही, सवय करा. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. काका शेजारी बसले. "रडायचं तं रड. पन शिट्टीला कान लावून बसू नको. पाव्हन्याची लई सरबराई केली का तो मुक्काम वाढवतो." शिट्टी जाणवू नये म्हणून घरी बारीक आवाजात रेडिओ लावून ठेवायचा, हेही त्यांनीच शिकवलं.

पण लपवायला त्यांची साफ ना. "लपवलेला फॉल्ट वाढतो, बाय." शेवटी मी साहेबांना सांगितलं. साहेब तासभर माझ्या शेजारी बसून कॉल ऐकत राहिले. एक नंबर चुकला नाही. दारात काका हाताची घडी घालून उभे, जणू त्यांच्याच लेकीची तोंडी परीक्षा! "चालू द्या," साहेब म्हणाले. त्यानंतर रोज काकांचा एकच प्रश्न, "किरकिर हाय?" "आहे." "आसू दे. काम कर." त्या चार शब्दांवर मी बोर्ड सांभाळला, आणि झकास सांभाळला.

काका निवृत्त होऊन गावी गेले. काही वर्षांनी एका दुपारी एक्स्चेंजवर त्यांच्या मुलाचा फोन आला. लाइन खराब, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. शेजारच्या बोर्डावरची म्हणाली, मला काही कळत नाही, तू घे.

मला सगळं कळलं. नियमाप्रमाणे मी निरोप परत म्हणून दाखवला, "बाबा सकाळी गेले. चार वाजता नेणार." ऐकू येणार नाही या धास्तीत मी किती दिवस काढले होते. त्या दुपारी मात्र वाटलं, नसतं ऐकू आलं तर बरं झालं असतं.